पंचवीस वर्षांचा करार, पंचवीस डॉलरची पावती

२०१२ च्या मध्याला मालदीवच्या सरकारी विमानतळ कंपनीच्या टेबलावर एक हिशेब येऊन पडला. विमानतळ या कंपनीच्या मालकीचा, आणि तो पंचवीस वर्षे चालवायला दिलेला भारतातल्या जीएमआर समूहाला. दर तिमाहीला उत्पन्नातला ठरलेला वाटा मालकाकडे यायचा. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत सत्त्याऐंशी लाख डॉलर येतील असा अंदाज होता, हातात पडले जेमतेम सव्वापाच लाख. दुसऱ्या तिमाहीचा कागद त्याहून अजब निघाला. येणे काहीच नाही, उलट मालकानेच जीएमआरला पंधरा लाख डॉलर देणे. भाडेकरूने घरमालकाला भाड्याची मागणी करावी, तसला प्रकार.

गंमत अशी की बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती. वजावट करायला मालक कंपनीनेच जानेवारीत लेखी संमती दिलेली होती. फक्त जानेवारीतले सरकार जुलैत शिल्लक राहिले नव्हते.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत हा करार मोडला. मालदीवच्या इतिहासातली तोवरची ही सर्वांत मोठी परकी गुंतवणूक, ५१ कोटी डॉलरची. ती बुडाली त्याची कारणे भूराजकारणात शोधायची आपल्याकडे पद्धत पडली आहे: चीन आला, धर्माचे राजकारण आले, भारताचा मोठ्या भावाचा तोरा नडला. यातले काहीच अगदी खोटे नाही. पण कागद उलगडत गेले की बोट पुन्हा पुन्हा जाऊन थांबते ते प्रत्येक प्रवाशामागे पंचवीस डॉलरच्या एका आकारावर, आणि तो आकार कुणाला विचारून लावला या प्रश्नावर.

हा विमानतळ ज्या बेटावर आहे त्याचे नाव हुळुले. इंग्रजी नकाशात त्याचे स्पेलिंग डोळ्यांना विचित्र दिसते, पण धिवेहीत तो सरळ आपला ‘ळ’ आहे. धिवेही ही सिंहलीची सख्खी बहीण, म्हणजे लांबच्या नात्याने मराठीचीही कुणीतरी. राजधानी मालेपासून हुळुले दहा-पंधरा मिनिटांवर, पण मध्ये पाणी. २०१८ मध्ये पूल होईपर्यंत धोणीत, म्हणजे तिथल्या होडीत, बसूनच विमानतळ गाठावा लागे. विमान उतरताना दोन्ही खिडक्यांतून समुद्रच दिसतो, आणि पहिल्यांदा येणारा माणूस चाके जमिनीला टेकेपर्यंत श्वास धरून बसतो.

१९६० मध्ये इथे पहिली धावपट्टी झाली ती भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या एकमेकींत अडकवून. लांबी तीन हजार फूट, रुंदी पंचाहत्तर. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला न्यूझीलंडच्या हवाई दलाचे विमान तिच्यावर उतरले. समुद्राकाठच्या लोखंडाचे जे व्हायचे ते झाले, पट्ट्या गंजू लागल्या. मग पंतप्रधान इब्राहिम नासिर यांच्या कारकिर्दीत डांबरी धावपट्टीचे काम निघाले. मालेचे लोक, सरकारी नोकर, गटागटाने हुळुलेला जाऊन राबले. १२ एप्रिल १९६६ रोजी ती खुली झाली, तेव्हा देश स्वतंत्र होऊन वर्षही झाले नव्हते. पर्यटन तर अजून सहा वर्षे लांब होते. पहिले रिसॉर्ट, कुरुम्बा, उघडले १९७२ मध्ये.

हे श्रमदान ध्यानात ठेवायला हवे. पुढे परदेशी सल्लागारांनी या विमानतळाचे मूल्य काढले तेव्हा प्रवासी मोजले, इंधन मोजले, दुकानांचे चौरस फूट मोजले. आजोबांनी डोक्यावरून वाहिलेल्या पाट्यांना त्या तक्त्यात रकाना नव्हता. शिवाय ३ नोव्हेंबर १९८८ ची रात्र होतीच. भाडोत्री बंडखोरांनी माले ताब्यात घेतले, राष्ट्राध्यक्ष गयूम लपून बसले आणि भारतीय छत्रीधारी सैनिकांची विमाने याच धावपट्टीवर उतरली. राज्य वाचले. बाराशेच्या आसपास बेटे, तीन-सव्वातीन लाख माणसे, पोट पर्यटनावर आणि पर्यटक जवळजवळ सगळा हुळुलेतून. मोठ्या देशात विमानतळ ही अनेक मालमत्तांपैकी एक असते. इथे तो घराचा उंबरठा होता.

तो भाड्याने द्यायची वेळ आणली रिकाम्या तिजोरीने. २००४ च्या त्सुनामीने बेटे धुतली, सरकारी नोकऱ्यांचा पसारा वाढतच गेला आणि २००८ च्या जागतिक मंदीत पर्यटक आटले. त्याच वर्षी देशातली पहिली बहुपक्षीय अध्यक्षीय निवडणूक झाली. तीस वर्षे सत्तेवर असलेले मामून अब्दुल गयूम हरले आणि मोहम्मद नशीद निवडून आले. समुद्राची पातळी वाढते आहे हे जगाला दाखवायला पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेणारे ते हेच. नशीदना घाई होती. सरकारने व्यवसायातून अंग काढून घ्यावे, हे त्यांचे मत आणि तिजोरीची गरज दोन्ही एकाच दिशेने ओढत होती.

जागतिक बँकेच्या कुटुंबातली आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ ही संस्था सल्लागार म्हणून आली. स्पर्धा रीतसर झाली. एकीकडे तुर्कस्तानची टीएव्ही आणि पॅरिसचे विमानतळ चालवणारी कंपनी, दुसरीकडे तेव्हा आपला मुंबई विमानतळ चालवणाऱ्या जीव्हीके समूहाने झुरिचवाल्यांशी केलेली जोडी, आणि तिसरीकडे जीएमआर आणि मलेशिया एअरपोर्ट्स. हैदराबादचा नवा विमानतळ जीएमआरने उभा केलेला, दिल्लीचे तिसरे टर्मिनल उद्घाटनाच्या उंबरठ्यावर. बोली त्यांचीच सरस ठरली. दोघांच्या संयुक्त कंपनीत जीएमआरचा वाटा ७७ टक्के, मलेशियाचा २३.

अटी अशा होत्या. सुरुवातीलाच ७ कोटी ८० लाख डॉलर रोख. २०१४ पर्यंत इंधन सोडून इतर उत्पन्नातला १ टक्का आणि इंधनातला १५ टक्के. २०१५ पासून हेच आकडे १० आणि २७ टक्के. इंधनाचा हिशेब वेगळा, कारण विमानांना तेल विकणे हीच या विमानतळाची दुभती गाय. कंपनीने नवे टर्मिनल बांधायचे, धावपट्टी सुधारायची, आणि पंचवीस वर्षांनी सगळे सरकारला परत करायचे.

तक्ता म्हणून यात खोट काढणे अवघड आहे. पहिली वर्षे बांधकामाची, म्हणून वाटा कमी. इमारत उभी राहिली की वाटा जास्त. पण राजकारणाच्या पंचांगात हे बसते का, हे कुणी पाहिलेले दिसत नाही. रोख रक्कम नशीदना लगेच मिळणार होती. खरे पीक २०१५ नंतर, म्हणजे पुढच्या निवडणुकीच्याही पलीकडे. मधली चार-पाच वर्षे देशाला दिसणार ती तोडफोड, पत्र्याची कुंपणे आणि परक्या कंपनीचे फलक. या मधल्या काळात सरकार टिकेल, हे गृहीत धरलेले होते.

२८ जून २०१० रोजी सह्या झाल्या. दुसऱ्याच दिवशी नशीद यांच्या तेरा मंत्र्यांनी एकदम राजीनामे दिले. मजलिस, म्हणजे तिथली संसद, विरोधकांच्या ताब्यात होती आणि ती सरकारला काम करू देत नाही हा त्यांचा आक्षेप. विरोधकांचे म्हणणे उलटे: देशाची मालमत्ता आम्हाला न विचारता दिली जाते आहे. मंत्री पुढे परत आले, पण त्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या संसदेशी बोलणेच थांबले होते तिला बाजूला ठेवून देशाचा सर्वांत मोठा करार झाला होता. तिला विचारले असते तर वेळ गेला असता, घासाघीस झाली असती, कदाचित सौदा फिसकटलाही असता. नशीदनी तो धोका पत्करला नाही. २५ नोव्हेंबर २०१० रोजी विमानतळ जीएमआरच्या हाती गेला. पुढच्या वर्षी त्याला इब्राहिम नासिर यांचे नाव दिले गेले.

काम सुरू झाले तसे दुखावले गेलेले लोकही वाढले. ड्युटी-फ्री दुकानांची जुनी कंत्राटे संपली, तिथे बसलेल्या स्थानिक व्यापाऱ्यांशी कोर्टकज्जे झाले. छोट्या देशात व्यापारी, पुढारी आणि वर्तमानपत्राचा मालक ही तीन माणसे असतातच असे नाही. धिवेही कौमी पार्टी या लहान पक्षाने तर पुस्तिकाच काढली. विमानतळ परक्यांना देणे ही गुलामगिरीची सुरुवात, असा तिचा सूर होता.

आणि याच पक्षाच्या हाती ते पंचवीस डॉलर सापडले.

करारात तरतूद होती की जानेवारी २०१२ पासून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून २५ डॉलर विकास शुल्क आणि वर दोन डॉलर विम्यापोटी घ्यायचे. नव्या टर्मिनलच्या खर्चाचे गणित या शुल्कावर उभे होते. युरोपातून येऊन रात्रीला पाचशे डॉलर मोजणाऱ्या पाहुण्याला २७ डॉलर म्हणजे नारळपाण्याचे पैसे. पण हुळुलेतून केवळ तोच उडत नाही. मालदीवचा माणूस दुखणे वाढले की तिरुवनंतपुरम गाठतो. रुग्ण, सोबत बायको, सोबत भाऊ: तीन माणसांचे ८१ डॉलर, दवाखान्याची पायरी चढण्याआधीच. धिवेही कौमी पार्टी दिवाणी न्यायालयात गेली. डिसेंबर २०११ मध्ये निकाल लागला: नाव शुल्क असो की आणखी काही, हा कर आहे आणि कर लावायचा अधिकार मजलिसचा. करारात लिहिले म्हणून तो वसूल करता येणार नाही.

इथे नशीद सरकारपुढे दोन वाटा होत्या. मजलिसपुढे जाऊन शुल्काचा कायदा करून घ्यायचा, नाहीतर वरच्या न्यायालयात भांडत राहायचे. त्यांनी तिसरीच वाट काढली. शुल्कातून जे पैसे मिळाले असते ते जीएमआरने सरकारच्या वाट्यातून वळते करून घ्यावेत. मजलिस नको, मतदान नको, प्रवाशाला झळ नको. ५ जानेवारी २०१२ चे ते संमतीपत्र म्हणजे सुरुवातीच्या अजब हिशेबाची जननी. सरकारला बहुधा वाटले असेल की न्यायालयीन गुंता सुटेपर्यंतची ही सोय आहे.

सोय महिनाभर टिकली. ७ फेब्रुवारीला पोलिसांच्या एका गटाच्या बंडाळीत नशीद पायउतार झाले. आपल्याला बंदुकीच्या धाकाने घालवले असे ते म्हणाले. चौकशी आयोगाने पुढे राजीनामा स्वेच्छेचा ठरवला. उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद वहीद हसन खुर्चीवर बसले, आणि ज्या पक्षाने शुल्काविरुद्ध खटला जिंकला होता त्याचे नेते आता सरकारात आले. एकाकडे गृहखाते, दुसरा राष्ट्राध्यक्षांचा विशेष सल्लागार. एप्रिलमध्ये संमतीपत्र मागे घेतल्याचे जीएमआरला कळवण्यात आले. कंपनीचे उत्तर साधे होते: करार करारच आहे. आणि तिमाहीचे उणे आकडे येत राहिले.

मराठी वाचकाला हे सगळे कुठेतरी वाचल्यासारखे वाटेल. दाभोळचा एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा १९९५ च्या निवडणुकीत आपण ऐकली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्या सरकारने करार मोडला, आणि काही महिन्यांत वाटाघाटी करून पुन्हा जोडला. मुंबईने तडजोड केली, मालेने केली नाही. महाराष्ट्राला विजेचे इतर मार्ग होते आणि केंद्राची पाठही होती. उंबरठ्याचा प्रश्न तिथे नव्हता.

मालेतल्या या वादळात एक मराठी माणूस अगदी मधोमध उभा होता. भारताचे तिथले उच्चायुक्त होते ज्ञानेश्वर मुळे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे. ‘माती, पंख आणि आकाश’ या आत्मकथनामुळे मराठी घराघरांत ओळखीचे. भारतीय गुंतवणुकीची बाजू मांडणे हे त्यांचे कामच. नोव्हेंबर २०१२ मध्ये जीएमआरविरोधी सभेत वहीद यांच्या प्रवक्त्याने भर व्यासपीठावरून त्यांना मालदीवचे शत्रू म्हटले. दिल्लीने तीव्र हरकत घेतली. ही सरकारची भूमिका नाही, असे मालेने सांगितले. परदेशी राजदूताबद्दल अध्यक्षांच्या माणसाने असे बोलावे, यावरून गाडी कुठवर गेली होती ते कळते. विमानतळाचे कंत्राट आता दोन देशांतले भांडण झाले होते. त्यात भर म्हणून मालदीवच्या लोकांना भारतीय व्हिसासाठी काटेकोर नियम लागू झाले आणि उच्चायुक्तालयापुढे रांगा लागल्या. पंचवीस डॉलर वाचलेला तिरुवनंतपुरमचा रुग्ण या रांगेत उभा होता.

२७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळाने निर्णय जाहीर केला. त्याची शब्दयोजना वकिली कसबाची होती. करार ‘संपवला’ असे सरकार म्हणाले नाही. तो पहिल्यापासूनच रद्दबातल होता असे म्हणाले. फरक पैशांचा. करार संपवला तर त्यातल्याच कलमानुसार भरपाई द्यावी लागते. करार जन्मलाच नाही असे ठरले, तर भरपाईचे कलमही जन्मलेले नाही. जीएमआरला सात दिवसांची मुदत मिळाली.

करारावर कायदा इंग्लंडचा आणि लवाद सिंगापूरचा. म्हणून हुळुलेचे भवितव्य आता सिंगापूरच्या न्यायालयात गेले. ३ डिसेंबरला तिथल्या उच्च न्यायालयाने मनाईहुकूम दिला. सरकारने तरीही ताबा घेणारच म्हणून सांगितले आणि अपील केले. ६ डिसेंबरला सरन्यायाधीश सुंदरेश मेनन यांच्या अपील न्यायालयाने मनाईहुकूम उठवला. सार्वभौम सरकारला आपला विमानतळ ताब्यात घेण्यापासून आम्ही रोखणार नाही. ते चूक ठरले तर पैशाने भरून देता येण्याजोगे नुकसान आहे, असा त्याचा मथितार्थ. मालेत हा निकाल विजय म्हणून साजरा झाला. त्याचा दुसरा अर्धा भाग तेव्हा कुणाला ऐकू आला नसावा.

७ डिसेंबरची मध्यरात्र उलटली आणि विमानतळ पुन्हा सरकारी कंपनीकडे आला. विमाने येत-जात राहिली. बहुसंख्य कर्मचारी मालदीवचेच होते, त्यांचा मालक तेवढा बदलला.

पैशाची बाजू सावकाश उलगडली. जून २०१४ मध्ये लवादाने सांगितले की करार पूर्णपणे वैध होता, सबब सरकार आणि त्याची विमानतळ कंपनी दोघेही नुकसानीला जबाबदार. जीएमआरने मागितले होते १४० कोटी डॉलर, पंचवीस वर्षांचा बुडालेला नफा धरून. तेवढे मिळाले नाहीत. लवादाने भरपाई करारातल्याच कलमापुरती ठेवली, म्हणजे जे कलम टाळण्यासाठी ‘रद्दबातल’चा घाट घातला होता तेच अखेर लागू झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये आकडा ठरला: सुमारे २७ कोटी डॉलर. तोवर राष्ट्राध्यक्ष होते अब्दुल्ला यामीन, गयूम यांचे सावत्र भाऊ. पुढच्याच महिन्यात त्यांच्या सरकारने ती रक्कम चुकती केली. देशाच्या लोकसंख्येने भागली तर माणशी आठशे डॉलरच्या घरात जाते.

बांधकाम अर्थात थांबले नाही, फक्त पैसा दुसऱ्या वाटेने आला. सप्टेंबर २०१४ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग मालेला येऊन गेले. नवी धावपट्टी चिनी कंपनीने चिनी कर्जावर बांधली, नवे टर्मिनल सौदी कंपनीने आखाती निधींच्या कर्जावर. खासगी भागीदाराने आणलेल्या भांडवलाऐवजी आता कर्ज देशाच्याच नावावर चढले. जीएमआरच्या वेळी टर्मिनल २०१४ पर्यंत व्हायचे होते; उद्घाटन झाले जुलै २०२५ मध्ये. दरम्यान नावही बदलले. १ जानेवारी २०१७ पासून तो वेलाना आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला. वेलाना हे नासिर यांच्या घराण्याच्या घराचे नाव.

आणि त्याच वर्षी १ मेपासून परदेशी जाणाऱ्या प्रवाशांवर विमानतळ विकास शुल्क सुरू झाले, या वेळी मजलिसच्या कायद्याने. रक्कम २५ डॉलर. फक्त मालदीवच्या नागरिकाला १२. आता परदेशी पाहुण्याला साध्या वर्गात ५० पडतात, बिझनेस क्लासमध्ये १२०. ते तिकिटातच धरलेले असतात, वेगळी पावती कुणी मागत नाही. तिरुवनंतपुरमला दवाखान्यात निघालेला माणूस अजूनही १२ च भरतो.